जयमालाच्या मापाची सायकल

"अहो, जरा हे कुलूप काढा ना," जयमालाने फाटकाबाहेरून हाक मारली.

मी पायरीवर पेपर वाचत बसलो होतो. "किल्ली नेली नाहीस?"

"नेलीय. फिरवता येईना."

मी उठून गेलो. सायकल कमरेला टेकवून ती उभी होती. किल्ली उजव्या हातात होती, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नुसतं ताठ. मी कुलूप काढलं. आत आल्यावर तिने तो हात माझ्यासमोर धरला आणि डाव्या हाताने करंगळीला कडकडून चिमटा काढला.

"बघा. काही कळत नाही," ती हसत म्हणाली. "मुंग्या येऊन गेल्या, आता नुसतं लाकूड."

"आणि मान?"

"मान तर शेंद्र्याच्या फाट्यापासूनच धरली. आणि इथे, खांद्यांच्या मधे, खिळा ठोकल्यासारखं होतंय. माझं बसायला काही चुकतंय का हो? तुम्हाला कळतं त्यातलं."

मला कळत होतं. ती गल्लीत वळली तेव्हाच मी पेपराच्या वरून पाहिलं होतं. हँडल धरायला तिला पार पुढे ओणवं व्हावं लागत होतं. कोपरं सरळ, मान वर उचललेली आणि अंगाचा सगळा भार तळहातांवर. कपाटावरचा डबा काढायला आपण हात ताणतो, तसे हात ताणून ती दोन तास फिरून आली होती.

"सवय नाही ना तुला," मी म्हणालो. "होईल. सुरुवातीला सगळ्यांनाच होतं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

तिने मान डोलावली आणि डबा करायला आत गेली. शाळा साडेदहाची होती.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी तेव्हा पंचेचाळीसचा होतो, पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता. जयमाला साताऱ्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. मुलगी शिकायला पुण्याला गेलेली, त्यामुळे शाहूपुरीतल्या घरात आम्ही दोघंच. आणि सायकल माझी होती.

वाकड्या हँडलची, पातळ टायरची रेसची सायकल. पोवई नाक्याजवळ मुनीर बागवानचं दुकान आहे, तिथून घेतलेली. मुनीर वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, पण त्याच्या कामात पक्का. सायकल दिली तेव्हा त्याने मला तिच्यावर बसवून अर्धा तास मापं घेतली होती.

"साहेब, लोक उंची बघून सायकल घेतात," तो म्हणाला होता. "पण एका उंचीची दोन माणसं सारखी नसतात. तुमचे पाय आखूड आणि धड लांब. तुम्हाला हँडल लांब लागणार."

मग त्याने सायकलीबरोबर आलेलं स्टेम काढलं. स्टेम म्हणजे हँडलला चौकटीशी जोडणारा चार बोटांचा दांडका. त्याजागी तीन सेंटिमीटर जास्त लांबीचं बसवलं. जुनं कागदात गुंडाळून, खोक्यात घालून मला दिलं. "राहू द्या घरात. लागेल कधी."

माझी आणि जयमालाची उंची तंतोतंत एक. पाच फूट साडेपाच इंच. पण लग्नाच्या दोन फोटोंत आम्ही दोन वेगळी जोडपी वाटतो. उभ्याच्या फोटोत बरोबरीचे. बसलेल्या फोटोत मी तिच्यापेक्षा चांगला चार बोटं उंच. आमच्या बैठकीच्या खोलीत बसलेला फोटो लावला आहे. तो मी निवडला होता.

सायकल घेतल्यावर मी डॉक्टर पेंढारकरांच्या ग्रुपमध्ये गेलो. पेंढारकर दातांचे डॉक्टर, साठीला टेकलेले, पण उत्साह विशीतला. त्यांचा ग्रुप दर डिसेंबरात दोनशे किलोमीटरची राइड ठेवायचा. सकाळी सहाला निघायचं, कोल्हापूरच्या रस्त्याने किणीपर्यंत जाऊन परत यायचं, साडेतेरा तासांच्या आत. वेळेत आलात तर पदक. मी दोनदा गेलो. पहिल्या वर्षी उंब्रजच्या अलीकडे पायात असे गोळे आले की एका मोरीवर बसून राहिलो, शेवटी टेम्पोतून परत आलो. दुसऱ्या वर्षी पूर्ण केली, पण वीस मिनिटं उशिरा. टाळ्या वाजल्या, पदक मिळालं नाही. ऑफिसात मी "दोनशे केले" एवढंच सांगितलं.

तिसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तीन-चार महिने सायकलला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं.

"धूळ खातीय बिचारी," जयमाला एका रविवारी म्हणाली. "मी जरा फिरवून आणू का? तेवढंच वजन उतरेल."

मी हसलो. आठवडाभर मजाही आली मला. गिअर कधी टाकायचा, ब्रेक कसा दाबायचा, सगळं मी तिला समजावून सांगत होतो आणि ती शाळेतल्या हुशार मुलीसारखी ऐकत होती. सीटची उंचीसुद्धा मीच तिच्या पायांप्रमाणे वर केली. चांगली तीन बोटं वर करावी लागली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरात एका सकाळी पेंढारकरांचा फोन आला.

"कणसे, अहो काय लपवून ठेवलं होतंत घरात!"

"का? काय झालं?"

"वहिनी आज आमच्याबरोबर यवतेश्वरचा घाट चढल्या. एकदाही पाय खाली टेकला नाही. मला मागे टाकलं हो, मला! तीन वळणं मी नुसता त्यांच्या मागच्या चाकाकडे बघत होतो."

"वा," मी म्हणालो. "वा वा."

दोन वर्षं मी तो घाट चढत होतो, आणि दर वेळी दोन वळणांवर थांबत होतो. एका वळणावर पाणी प्यायला आणि दुसऱ्या वळणावर खालचं शहर बघायला. आणि हिला सायकल हातात घेऊन पाच आठवडे झाले होते.

संध्याकाळी ती शाळेतून आली तेव्हा मी विचारलं, "घाट चढलीस म्हणे?"

"चढले कशीबशी," कोथिंबीर निवडता निवडता ती म्हणाली. "डॉक्टर काय, काहीही सांगत सुटतात."

त्या दिवसापासून मी तिचे पाय बघायला लागलो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. बायकोचे पाय लांब आहेत, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. आता ती कपडे वाळत घालताना, पाटावर बसताना, जिना चढताना माझी नजर तिथेच जायची. मांडीचं हाड माझ्यापेक्षा एवढं लांब, पोटऱ्या अशा घट्ट. मी दोन वर्षं घाम गाळला, प्रोटीनच्या पावडरी प्यालो, आणि ही चपात्या लाटता लाटता घाट चढून आली. तिने काही कष्ट केले नव्हते, तिला ते आयतं मिळालं होतं, असं मला वाटायचं. ती सकाळी रोज साडेपाचला उठून अंधारात जात होती, हे मी त्यात धरत नव्हतो.

पेंढारकरांनीच तिचं नाव डिसेंबरच्या दोनशेसाठी घातलं.

"तुमची हरकत नाही ना?" तिने विचारलं.

"माझी कसली हरकत असणार?"

आणि मग हे हातांचं सुरू झालं. पंचवीस किलोमीटरपर्यंत काही नाही. चाळीसच्या पुढे बोटं बधिर, मान धरलेली, पाठ भरून आलेली. शाळेत फळ्यावर लिहिताना खडू गळून पडतो, असं ती एकदा म्हणाली.

"मुनीरला दाखवून आणू का?" तिने विचारलं.

"त्याला काय दाखवायचं? मी बघतो ना रविवारी."

रविवारी ती भाजी आणायला गेली असताना मी माळ्यावर चढलो. गणपतीच्या मखराच्या मागे ते खोकं होतं. उघडून कागद सोडला. स्टेम अगदी नवं कोरं होतं, एक ओरखडा नाही. मी ते तळहातावर घेऊन उभा राहिलो. चार बोल्ट पुढचे, दोन मागचे. वीस मिनिटांचं काम. ती परत यायच्या आत सायकल तिच्या मापाची झाली असती.

मी ते परत कागदात गुंडाळलं, खोक्यात घातलं आणि मखराच्या मागे ठेवून खाली उतरलो.

ती आली तेव्हा मी अंगणात सीटचा बोल्ट सैल करत होतो. सीट जेवढी पुढे सरकेल तेवढी सरकवली आणि बोल्ट आवळला. "बस आता. बघ, जवळ वाटतंय का हँडल."

ती बसून बघू लागली. "हो, वाटतंय की. पण मला जरा पायांवर भार आल्यासारखं वाटतंय."

"ते होईल सवयीचं."

"हे पुढचं बदलता येत नाही का? हँडलचं?"

"या सायकलीला हेच बसतं," मी म्हणालो.

सीट पुढे ओढून हँडल जवळ आणायचं नसतं. मुनीर हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, माझ्या समोर कितीतरी वेळा सांगितलं होतं. सीटची जागा गुडघ्यांसाठी असते; ती हलवली की भार गुडघ्यांवर येतो. दोन आठवड्यांत तिचे गुडघे दुखायला लागले. जिना उतरताना ती कठड्याला धरून आडवी उतरायची. हात थोडे बरे होते, पण पूर्ण नाही.

"या वर्षी राहू दे," मी तिला म्हणालो. तेव्हा मी तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होतो. "पुढच्या वर्षी जा. शरीरापेक्षा का पदक मोठं आहे?"

माझा आवाज इतका मायेचा निघाला की मलाच तो खरा वाटला.

"बघू," ती म्हणाली. पण नाव काढलं नाही.

राइडच्या दिवशी मी स्वयंसेवक होतो. सहाला साताऱ्यातून एकवीस जण निघाले, त्यांत दोन बायका. मी आणि पेंढारकर गाडीने पुढे किणीजवळच्या ढाब्यावर जाऊन थांबलो. तिथे अर्धं अंतर होत होतं. येणाऱ्याच्या कार्डावर शिक्का मारायचा, त्याची सही घ्यायची, केळी-पाणी द्यायचं. मुनीर त्याची हत्यारांची पेटी घेऊन आला होता, कुणाची चेन तुटली, टायर फाटला तर.

मी रस्त्याकडे बघत होतो. ती यायला नको होती मला. कऱ्हाडातूनच फोन येईल, "अहो, मला न्यायला या," असं धरून मी फोन शर्टाच्या खिशात ठेवला होता, ऐकू यावा म्हणून. दहा वाजले. साडेदहा. तरणी पोरं आली, शिक्के घेऊन गेली. अकरा वाजून वीस मिनिटांनी निळं हेल्मेट दिसलं. तिच्यामागे अजून बारा जण यायचे होते.

ती सायकलवरून उतरली ती गुडघे धरूनच. थोडी लंगडत टेबलाशी आली.

"शाब्बास वहिनी!" पेंढारकर ओरडले. "कसल्या वेळेत आलात! इथे सही करा."

त्यांनी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं आणि ते तिच्या बोटांतून निसटून टेबलाखाली गेलं. मी वाकून उचलून दिलं. तिने ते मुठीत धरलं, लहान मूल धरतं तसं. जयमालाचं अक्षर तालुक्यात नावाजलेलं. शाळांच्या तपासणीला साहेब आले की तिने लिहिलेला फळा पुसू देत नाहीत. तिने कार्डावर काहीतरी वाकडंतिकडं ओढलं आणि ते बघून तिचा चेहरा पडला.

"डॉक्टर, मी थांबते इथेच," ती म्हणाली.

"अहो, पण केवढा वेळ आहे तुमच्याकडे! सव्वा तास पुढे आहात."

"हातच नाहीत मला. ब्रेक दाबला की नाही तेसुद्धा बघून घ्यावं लागतंय. ट्रकवाले असे अंगावरून जातात." तिने खुर्चीवर बसून दोन्ही हात मांडीवर उताणे टाकले. "आणि गुडघे तर संपलेच."

मुनीर तिची सायकल धरून उभा होता. त्याने सीटकडे बघितलं, मग हँडलकडे, मग पुन्हा सीटकडे.

"वहिनी, ही सीट एवढी पुढे कुणी घेतली?"

"यांनी," जयमाला म्हणाली. "रविवारचा दिवस मोडून करून दिली मला. त्यांनी खूप केलं हो मुनीरभाऊ. सायकलीत काही नाही. माझं अंगच चुकीचं घडलंय. नुसते पायच पाय, आणि वर काही नाही. काहींना नाही जमत, तसं आहे हे."

ती रडत नव्हती. मुलांना गणित समजावताना बोलते तसं सरळ बोलत होती. हे तिने गेल्या दीड महिन्यात कधीतरी स्वतःशी ठरवून टाकलं होतं, आणि मी तिला ते ठरवू दिलं होतं.

मुनीरने माझ्याकडे बघितलं. "साहेब, तुम्हाला मी ते जुनं..."

"तुझ्या पेटीत आखूड स्टेम आहे का?" मी मधेच विचारलं.

"आहे की."

"दे इकडे. मी बसवतो."

"द्या मी करतो, दहा मिनिटांत..."

"मी बसवतो, मुनीर."

ढाब्याच्या पत्र्याच्या सावलीत मी सायकल घेऊन बसलो. पुढचे चार बोल्ट काढले, हँडल खाली लोंबकळलं. मागचे दोन सैल करून लांब स्टेम वर ओढलं. स्टेमच्या वर दोन कड्या होत्या, त्या मुनीरने सांगितल्याप्रमाणे खाली घातल्या, म्हणजे हँडल थोडं वरही येणार होतं. आखूड स्टेम बसवलं, हँडल लावलं. सीट मागे, तिच्या जागेवर नेली. एक बोल्ट माझ्या हातून दोनदा पडला. मुनीर बाजूला उभा राहून बघत होता. शेवटी सगळे बोल्ट त्याने एकदा आवळून बघितले.

"ये. बसून बघ," मी तिला म्हणालो.

"कशाला आता?"

"बस तर खरी."

पुढचं चाक मी दोन्ही गुडघ्यांत धरलं. ती सीटवर बसली आणि तिने हँडलवर हात ठेवले. कोपरं थोडी वाकली. खांदे, जे दोन महिने कानांशी लागले होते, ते खाली आले. तिने एक हात उचलून बघितला, मग दुसरा. पुढे तोंडावर पडत नव्हती. आमची तोंडं समोरासमोर होती, हातभर अंतरावर.

"अहो," ती म्हणाली, "हे असं असतं होय सगळ्यांना?"

"हो."

"मग मला आधी का नाही?"

पेंढारकर दुसऱ्या कुणाच्या कार्डावर शिक्का मारत होते. मुनीर पेटी आवरत होता. 'माझ्या लक्षात आलं नाही,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिने विश्वास ठेवला असता. मुनीर काही बोललाच असता तर त्याच्याशी माझ्या बाजूने भांडलीही असती.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून. असंच आखूड स्टेम घरात माळ्यावर आहे. मी मुद्दाम बसवलं नाही."

तिला नीट कळलं नाही. "मुद्दाम म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम."

"पण का?"

"तू घाट चढलीस म्हणून," मी म्हणालो.

तिने हँडलवरचे हात काढले. मग सायकलवरून उतरली. हेल्मेटचा पट्टा लावायला लागली, बोटांना तो सापडेना. मी हात पुढे केला तशी ती एक पाऊल मागे झाली. तिसऱ्या खेपेला तिचा तिनेच लावला.

"डॉक्टर, किती वाजले?"

"बारा वाजायला दहा. का हो वहिनी?"

"निघते मी."

एक केळं खिशात घालून ती गेली. वळून बघितलं नाही.

ढाब्यावरचं काम दीडला संपलं, पण जेवून, सगळं आवरून निघायला तीन वाजले. पेंढारकरांनी गाडी साताऱ्याकडे घेतली. ते गाणं गुणगुणत होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. कऱ्हाडच्या पुढे, उंब्रजच्या जवळ, ती दिसली. एका लांब चढावर ती एकटी चालली होती. हँडलवर हात नुसते ठेवलेले, पाठ सैल, आणि पाय एका लयीत फिरत होते. ज्या मोरीवर मी गोळे आले म्हणून बसलो होतो, ती मोरी तिने आमच्या समोर ओलांडली.

"काय सुंदर चालवतायत!" पेंढारकरांनी गाडी हळू केली. "कणसे, अहो बघा तरी!"

मी बघितलं. कबूल केलं म्हणजे मन मोकळं होतं असं लोक म्हणतात. माझं तसं झालं नाही. तिला असं जाताना बघून मला पुन्हा तोच हेवा वाटला, उलट जास्तच. आता तर ती माझ्या हातांनी तशी जात होती.

ती सहा वाजून पाच मिनिटांनी साताऱ्यात पोचली. जवळजवळ दीड तास हातात ठेवून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेंढारकरांनी गळ्यात पदक घातलं. मी मागे उभा होतो. गाडीतून घरी चल म्हटलं तर म्हणाली, "मी सायकलनेच येते." आणि आली.

पुढचे चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. दूध आलं का, गॅस संपला, मुलीचा फोन होता. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. ती शेंगा फोडता फोडता एकदम म्हणाली, "मी पिंपळापाशी बसायचे."

"कुठल्या?"

"आपल्या गल्लीच्या अलीकडे आहे तो. रोज यायच्या आधी. वीस मिनिटं, कधी अर्धा तास."

"कशाला?"

"तुम्हाला घाट चढून पेट्री गावापर्यंत जाऊन यायला सव्वादोन तास लागायचे. मला पावणेदोन लागत होते." तिने वर बघितलं नाही. "तुमच्यापेक्षा आधी कशी येऊ? तुम्ही आधीच ऑपरेशनने खचलेले. म्हणून बसायचे. थंडीत कुडकुडत. हात बधिर झालेले असायचे ते काखेत धरून बसायचे."

मी पुढची शेंग घेतली.

"घाटाचंसुद्धा मीच डॉक्टरांना म्हटलं होतं, घरी सांगू नका म्हणून. त्यांच्या पोटात राहिलं नाही. शाळेतल्या बायका विचारायच्या, मिस्टरांना किती आनंद झाला असेल ना? मी म्हणायचे, हो, खूप." तिने सोललेले दाणे पातेल्यात टाकले. "मला तुमचं तोंड कळतं हो. एकोणीस वर्षं बघतेय. तुमचा हेवा मला घाटानंतरच्या पहिल्या आठवड्यातच कळला होता. त्याचं मला काही नव्हतं. वाटलं, असू दे, माणूस आहे. मी जपत होते तुम्हाला. आणि तुम्ही..."

मी माफी मागितली. तिने टरफलं गोळा करून बाजूला सारली.

"मी आता थांबणार नाही तिथे," ती म्हणाली.

"नको थांबूस."

"तुम्हाला विचारत नाहीये मी. सांगतेय."

पुढे तिने तीनशे केले, चारशे केले, दोन वर्षांनी सहाशेही केले. ती सायकल तिचीच झाली. तिचं सगळं काम मुनीर करतो. मी त्यानंतरच्या मार्चमध्ये माझ्यासाठी दुसरी घेतली. ग्रुपबरोबर जातो, दोन वळणांवर अजून थांबतो. दोनशे माझ्याकडून अजून वेळेत झालेले नाहीत. आमचं बरं चाललं आहे. हळूहळू ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली, त्याला पाऊसकाळ उजाडला. हेवा गेला का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. तो येतो. आला की मी तिला सांगतो, आणि ती म्हणते, "बरं."

पण मला राहून राहून आठवतो तो त्या गुरुवारनंतरचा रविवार. ती नेहमीप्रमाणे साडेपाचला पेट्रीच्या रस्त्याने गेली. एरवी ती पावणेआठला यायची, म्हणून मी निवांत उठलो, दात घासले, आणि सव्वासातला दुधाची पिशवी घेऊन बाहेर पडायला चपला घालत होतो. तेवढ्यात फाटकातून सायकल आत आली.

"आलीस?" मी म्हणालो.

"आले," ती म्हणाली.

तिने सायकल भिंतीला लावली, हातमोजे काढले आणि माझ्यासमोर उभी राहिली. गाल थंडीने लाल झाले होते. मला वाटलं आता ती धापा टाकेल, पायरीवर बसेल, पाणी मागेल. तसं काही झालं नाही. तिला जरासुद्धा दम लागला नव्हता.